कशावरून? लेस्टरच्या प्राथमिक शाळेत इतिहास आणि धर्म शिकवताना

मला इथं स्वतःचा वर्ग मिळाला त्याला आता पाच वर्षं झाली. त्याआधी कोल्हापुरात सहा वर्षं पाचवी-सहावीला शिकवत होते, मग लग्न करून इंग्लंडात लेस्टरला आले, दोन वर्षं टीचिंग असिस्टंट म्हणून काढली, पीजीसीई (आपलं बी.एड. धरा) केलं आणि इयर थ्री हातात आला. इयर थ्री म्हणजे सात-आठ वर्षांची मुलं, आपल्याकडची दुसरी-तिसरी धरा. तीस मुलं, आणि टर्मच्या पहिल्याच आठवड्यात इतिहासाचा विषय काय, तर अश्मयुग ते लोहयुगापर्यंतचं ब्रिटन.

मी घाबरले होते हे खरं आहे. आपल्या पिढीचा इतिहास सुरू झाला तो चौथीच्या शिवाजी महाराजांपासून, त्यात माणसं होती, नावं होती, तारखा होत्या, आणि पन्हाळा तर आमच्या घरापासून तासाभराच्या आत. इथं शिकवायचं होतं त्यात राजा नाही, एका माणसाचं नाव माहीत नाही, लिहिलेला एक शब्द नाही. मग गोष्ट सांगायची कुणाची?

इथल्या नॅशनल करिक्युलममध्ये सात ते अकरा वर्षांच्या मुलांना जे शिकवायचं ते असं आहे की आधी ब्रिटनमधलं अश्मयुग ते लोहयुग, मग रोमन, मग अँग्लो-सॅक्सन, व्हायकिंग आणि तिथून 1066 पर्यंत, शिवाय ग्रीस, शिवाय जगातल्या पहिल्या संस्कृतींची तोंडओळख आणि त्यातली एक नीट खोलात जाऊन. ती एक सुमेर, सिंधू, इजिप्त किंवा चीनचं शांग राजघराणं यातली शाळेनं निवडायची. आणि साधारण इसवी सन 900 च्या सुमाराची एक युरोपबाहेरची संस्कृती, म्हणजे बगदाद, माया किंवा बेनिन. बहुतेक शाळा इजिप्त घेतात, ममी आहेत, पिरॅमिड आहेत, मुलं लगेच रमतात. आमच्या शाळेत मी आल्यावर इजिप्त थोडं आणि सिंधू जास्त असं करून घेतलं, त्याबद्दल पुढं सांगते.

दुसऱ्याच आठवड्यात मी वर्गात सांगून मोकळी झाले की त्या काळातले लोक गुहेत राहायचे. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला आणि अगदी शांतपणे विचारलं, मिस, ते आपल्याला कसं माहीत? तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. आमचे आजोबा कुणीही काहीही बातमी आणली की पहिला शब्द काढायचे, "कशावरून?" तो शब्द त्या दिवशी मला इतक्या वर्षांनी जसाच्या तसा ऐकू आला.

संध्याकाळी घरी जाऊन वाचत बसले. यॉर्कशरमध्ये स्टार कार म्हणून जागा आहे, तिथं जवळजवळ 11,000 वर्षांपूर्वी तळ्याकाठी माणसं राहात होती, आणि गुहेत नाही, चक्क खांब रोवून बांधलेल्या गोल घरात. खांब कधीच कुजून गेले, पण ते रोवायला खणलेले खड्डे वेगळ्या रंगाच्या मातीनं भरलेले सापडले, त्यावरून घर कळलं. तिथंच लाल हरणाच्या कवट्यांना भोकं पाडून केलेले शिरोभूषणासारखे मुखवटे पण सापडलेत. दुसऱ्या दिवशी मी वर्गात आधी हे सांगितलं की काल मी जे बोलले ते बरोबर नव्हतं, आणि मग एका ट्रेमध्ये ओली माती थापून त्यात पेन्सिली खोचल्या, काढल्या, खड्डे चहापत्तीनं भरले, वरून सपाट केलं आणि मुलांना म्हटलं आता सांगा इथं काय होतं. सगळी ट्रेभोवती वाकली. कुणी कुंपण म्हणालं, कुणी तंबू, एकजण म्हणाला गोल आहे म्हणजे घर. मी विचारलं कशावरून. तेव्हापासून भिंतीवर तो प्रश्न इंग्रजीत लावलाय आणि त्याच्याखाली मी बारीक अक्षरात मराठीत पण लिहिलाय. वर्गातल्या मुलांना आता "कशावरून" हा शब्द म्हणता येतो, उच्चार थोडा वेगळा होतो, पण म्हणतात.

सगळ्यात अवघड गेलं ते काळाचं. सात वर्षांच्या मुलाला आजी लहान होती तो काळ आणि डायनोसॉरचा काळ यात फारसा फरक वाटत नाही, दोन्ही "खूप पूर्वी". त्यात इसवी सन पूर्व आलं की आकडे उलटे पळायला लागतात, 2500 हे 30 च्या आधी कसं, हे त्यांना काही केल्या पटत नाही. फळ्यावर रेघ मारून बघितली, पट्टी छापून दिली, काही उपयोग झाला नाही. मग कपडे वाळत घालायची पन्नास मीटर दोरी आणली. एक मीटर म्हणजे शंभर वर्षं. प्रत्येक मीटरला गाठ, आणि सगळी दोरी मैदानात पसरायची. एका टोकाला आजचा दिवस, तिथं प्रत्येकानं आपलं वय मोजायचं, सात वर्षं म्हणजे सात सेंटिमीटर, एक बोट. रोमन सैन्य इसवी सन 43 मध्ये ब्रिटनवर चालून आलं, ते जवळपास वीस मीटरवर. क्लिओपात्रा त्याच्या जरा पलीकडं. आणि गिझाचा मोठा पिरॅमिड शेहेचाळीसाव्या मीटरच्या आसपास. म्हणजे क्लिओपात्रा झाली मुलगी पिरॅमिडपासून जास्त लांब उभी आणि आपल्यापासून कमी. ती तिथून ओरडली, "मिस, मी तुमच्या जवळ आहे!" हे वाक्य मी दहा वेळा फळ्यावर लिहिलं असतं तरी पोचलं नसतं.

त्याच दोरीवर आणखी एक गोष्ट झाली. पिरॅमिडवाला मुलगा, स्टोनहेंज या इंग्लंडातल्या प्राचीन दगडी वर्तुळाचे मोठे सारसन दगड उभे करणारी मुलगी आणि मोहेंजोदडोवाला मुलगा, तिघं एकमेकांना टेकून उभे राहिले, कारण तिन्ही इसवी सन पूर्व 2500 च्या आगेमागचे. पुस्तकात हे तीन वेगळे धडे असतात, तीन वेगळ्या टर्मला येतात, आणि मी स्वतः शिक्षक असून ते एकाच वेळचे आहेत हे कधी मनात आणलं नव्हतं. एका मुलानं विचारलं मग ब्रिटनमधली पहिली माणसं कुठं उभी करायची. नॉरफोकच्या किनाऱ्यावर हेजबरो गावात 2013 साली भरतीनं वाळू धुऊन गेल्यावर पावलांचे ठसे दिसले होते, आठ लाख वर्षांहून जुने, मोठ्यांचे आणि लहान मुलांचे पण. आमच्या दोरीच्या हिशोबानं ते आठ किलोमीटरच्या पलीकडं, म्हणजे शाळेच्या गेटमधून बाहेर पडून पार शहर संपेपर्यंत चालत जायचं. सगळे गेटकडं बघत गप्प उभे राहिले.

लोहयुगासाठी आम्ही बरो हिलला जातो. लेस्टरपासून बसनं जवळच आहे, मेल्टन मोब्रेच्या बाजूला, टेकडीच्या माथ्यावर चारी बाजूंनी मातीचे उंच बांध आणि आत मोकळं गवत. पहिल्यांदा तिथं चढले, वाऱ्यात उभी राहिले आणि मला सरळ किल्लाच दिसला. तट, उतार, आत यायचा वळणाचा दरवाजा, खाली पसरलेला मुलूख. ऑक्टोबर होता, दिवाळी पंधरा दिवसांवर, आणि आपल्याकडं त्या वेळी पोरं अंगणात दगड-माती गोळा करून किल्ला करत असतात, अळीव-मोहरी पेरत असतात. मी त्या वर्षी वर्गाला किल्लाच करायला लावला, शाळेच्या मागच्या बागेत, पाच-पाच जणांचे गट. माती भिजवायची, खंदक खणायचा, खंदकातली माती बाहेर न टाकता तीच आतल्या बाजूला रचायची, मग तट आपोआप उंच होतो. हे मी त्यांना सांगितलं नाही, एका गटाला खणता खणता सापडलं आणि मग सगळ्यांनी तसं केलं. बरो हिलवर लेस्टर युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांना 2014 साली रथाचे ब्राँझचे भाग सापडले, धान्याच्या कोंड्यावर ठेवून, बहुतेक देवाला वाहून पुरलेले. तर मुलांनी आपापल्या किल्ल्यात पण काहीतरी पुरलं, बटण, मणी, मोडकी गाडी, आणि जूनमध्ये दुसऱ्या गटानं ते खणून काढून त्यावरून अंदाज बांधायचा असं ठरलं. एका गटाच्या मोहरीला मस्त कोंब आले होते. मी फोटो आईला पाठवला, तिचा लगेच फोन, "अगं मावळे कुठायत?"

इजिप्त थोडक्यात उरकते. सफरचंदाच्या फोडी मीठ आणि बेकिंग सोड्यात पुरतो, दर दोन दिवसांनी वजन करतो, पाणी निघून ती सुकत जाते, खरं नॅट्रॉन, म्हणजे ममी सुकवायला वापरायचे तो क्षार, पण याच जातीचं, आणि ममी करायला सगळे मिळून सत्तर दिवस लागायचे हे कळायला तेवढं पुरतं. रोझेटा शिलेवर एकच मजकूर तीन लिपींत आहे म्हणून 1822 मध्ये शाँपोल्यां या फ्रेंच अभ्यासकाला चित्रलिपी उलगडता आली, हे सांगणं मात्र सिंधूसाठी फार गरजेचं आहे.

कारण सिंधूची लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही. तशी जोडशिला सापडली नाही, आणि मुद्रांवरचा मजकूर पण इतका छोटा, साधारण पाच-सहा चिन्हं. हे मला वाटायचं की मुलांना निराश करेल, झालं उलटंच. साबणाच्या वड्या कापून आम्ही मुद्रा कोरतो, दोन-अडीच सेंटिमीटरचा चौकोन, खऱ्या तेवढ्याच, वर चिन्हं आणि खाली प्राणी, आणि त्या मातीत दाबून ठसा घेतो. अट एकच की आपलं चिन्ह काय म्हणतं ते कुणाला सांगायचं नाही. मग मुद्रा अदलाबदल करायच्या आणि वाचायचा प्रयत्न करायचा. त्या वर्षी वर्गात एक मुलगा होता, नुकताच आलेला, इंग्रजी जेमतेम, वाचनाच्या तासाला कायम मान खाली. त्या दिवशी वर्गात कुणालाच वाचता येत नव्हतं. तो पहिल्यांदा आपण होऊन उठला, तीन बाकांवर जाऊन मुद्रा बघितल्या, एका मुद्रेवरच्या शिंगाकडं बोट करून म्हणाला, "हे नाव आहे. कारण प्रत्येकाचं वेगळं आहे." मला तो तास कधी विसरता येणार नाही.

आता धर्मांबद्दल. रिलिजस एज्युकेशन इथं शाळेत सक्तीचं आहे पण नॅशनल करिक्युलममध्ये नाही, त्या त्या भागात एक समिती असते, चर्चचे, इतर धर्मांचे, शिक्षकांचे आणि कौन्सिलचे लोक मिळून अभ्यासक्रम ठरवतात आणि दर पाच वर्षांनी तपासतात. आईवडिलांना मूल या तासाला बसवायचं नसेल तर तसा हक्क आहे. आणि लेस्टर म्हणजे 2021 च्या जनगणनेत ख्रिश्चन आणि मुस्लिम दोन्ही साधारण पाव-पाव, हिंदू अठरा टक्क्यांच्या आसपास, शीख आहेत, जैन आहेत, धर्म नाही म्हणणारे पण भरपूर.

हिंदू धर्म आला तेव्हा मला अजिबात काळजी नव्हती, आपलाच विषय. दिवाळीचा तास मी मनापासून तयार केला, उटणं आणलं, अभ्यंगस्नान, नरकासुर, वसुबारस ते भाऊबीज सगळं फळ्यावर लिहिलं आणि वर शीर्षक दिलं, हिंदू दिवाळी कशी साजरी करतात. वर्गातली निम्मी हिंदू मुलं गुजराती. त्यांच्या तोंडावर काहीच ओळख दिसेना. एकीनं विचारलं मिस, राम-सीता कुठायत, दुसरा म्हणाला आमच्याकडं तर दुसऱ्या दिवशी नवीन वर्ष असतं आणि दादा, म्हणजे आजोबा, हिशोबाची वही पूजतात. मग एक शीख मुलगी म्हणाली की दिवाळी गुरू हरगोबिंदजी ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून बावन्न राजांना घेऊन सुटले त्याची असते, आणि मागून एक जैन मुलगा, जो कधी बोलत नाही, तो म्हणाला आमच्या महावीरांचं निर्वाण. एवढा सगळा खजिना वर्गात बसलेला असताना मी कोल्हापुरातलं एक घर सगळ्या हिंदूंच्या नावावर लिहून टाकलं होतं. त्या पोरांना क्षणभर वाटलं असणार की आपल्या घरी करतात ते चुकीचं, आणि हे मला फार लागलं.

शीर्षक तिथंच पुसलं. तेव्हापासून माझ्या वर्गात "हिंदू असं मानतात", "मुस्लिम असं करतात" हे वाक्य नाही, "काही हिंदू", "बरेच मुस्लिम", "आमच्या घरी" असंच म्हणायचं, आणि हे ख्रिसमसला पण लागू, कारण वर्गातल्या पोलिश मुलाच्या घरी मुख्य जेवण 24 ला रात्री असतं आणि शेजारच्याकडं 25 ला दुपारी. पुढच्या वर्षी दिवाळीला त्या वहीवाल्या मुलाच्या बा, म्हणजे आजी, शाळेत आल्या, लाल वही घेऊन, त्यावर कुंकवानं स्वस्तिक काढून दाखवलं, मला म्हणाल्या, "बेन, तमे पण लखो." मी पहिल्या पानावर श्री लिहिलं.

मशिदीच्या भेटीआधी एक वडील भेटायला आले, मुलाला पाठवणार नाही म्हणाले. हक्क आहे त्यांचा, मी वाद घातला नाही, फक्त तिथं काय काय होणार ते मिनिटामिनिटाचं सांगितलं, की कुणी प्रार्थना करणार नाही, बूट काढायचे, बसायचं, बघायचं, प्रश्न विचारायचे, आणि तुम्ही पण सोबत चला, मोठी माणसं कमीच पडतात. ते आले. तिथं भिंतीवर एका ओळीत घड्याळं लावलेली होती, प्रत्येकात वेळ वेगळी, त्यांच्याच मुलानं विचारलं घड्याळं बिघडलीत का. इमामांनी सांगितलं की नमाजाच्या वेळा सूर्यावर ठरतात म्हणून त्या वर्षभर सरकत राहतात, जूनमध्ये इंग्लंडात रात्रीची नमाज फार उशिरा होते. मग सावलीवर, दिवसाच्या लांबीवर पंधरा मिनिटं बोलणं झालं. येताना बसमध्ये ते वडील माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी मला विचारलं पुढची भेट कुठं आहे.

रोमन मात्र लेस्टरमध्ये शिकवायला मिळणं हे भाग्यच. गावाच्या मध्यात ज्यूरी वॉल उभी आहे, रोमन स्नानगृहाची भिंत, जवळपास नऊ मीटर उंच, विटांचे पट्टे मध्ये मध्ये. पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केनियन बाईंनी 1936 ते 39 इथं खोदकाम केलं, आधी त्यांना ही फोरमची, म्हणजे रोमन गावातल्या मुख्य चौकाची, जागा वाटली होती, स्नानगृह मिळालं तरी ते फोरमच्या जागेवर नंतर बांधलं असं त्या धरून होत्या, आणि पुढं खरा फोरम शेजारीच दुसरीकडं सापडला. एवढ्या मोठ्या बाईंचं मत बदलावं लागतं हे मुलांना फार आवडतं. त्यांना सगळ्यात जवळचा वाटतो तो व्हाइन स्ट्रीटवर सापडलेला शिशाचा पत्रा, त्यावर शाप लिहिलाय. सर्व्हँडस नावाच्या माणसाचा झगा चोरीला गेला, देवानं चोराला नऊ दिवसांच्या आत बघून घ्यावं, आणि खाली संशयितांची नावं. आमच्या शाळेत दर आठवड्याला चार जम्पर, म्हणजे स्वेटर, हरवतात त्यामुळं हे दुःख कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अठराशे वर्षांपूर्वी याच गल्लीत कुणीतरी असंच तळमळलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

आणि मिरी. उत्तर इंग्लंडात रोमन सम्राट हेड्रियननं बांधलेल्या भिंतीजवळ व्हिंडोलँडा इथं लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर सैनिकांची पत्रं आणि हिशोब सापडलेत, एका पत्रात मोजे आणि अंडरपँट पाठवल्याचा उल्लेख आहे, तो वाचल्यावर पाच मिनिटं वर्ग हातात राहात नाही. तिथंच एका यादीत मिरी, दोन दिनार. सफक परगण्यात होक्सन गावी 1992 मध्ये एकजण शेतात हरवलेला हातोडा शोधत होता आणि सोन्याचांदीचा मोठा साठा लागला, त्यात चांदीची मिरीदाणी होती, बाईच्या आकाराची. हातोडा पण सापडला आणि तोही ब्रिटिश म्युझियमकडं आहे. मी मुलांच्या तळहातावर एकेक मिरीचा दाणा ठेवते, हुंगायला सांगते आणि नकाशावर बोट ठेवून केरळचा किनारा, लाल समुद्र, इजिप्त, रोम, आणि तिथून थंडीत कुडकुडणारा सैनिक असा प्रवास करते. मग म्हणते की आमच्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खोदकामात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची रोमन काळातली छोटी ब्राँझची मूर्ती मिळाली, टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, मी तुमच्याएवढी असताना बघितलीय. तेव्हा सगळे माझ्याकडं असं बघतात की मीच तिकडून गलबतातून आलेय.

इयर फोरला व्हायकिंग. लिंडिसफार्नच्या मठावर 793 मध्ये हल्ला झाला, ते लिहून ठेवलं मार खाणाऱ्यांच्या बाजूच्या माणसांनी. रोमनांविरुद्ध उठलेल्या ब्रिटनमधल्या राणी बूडिकाचं बंड पण आपल्याला रोमन लेखकांकडूनच कळतं, तिच्या लोकांनी काही लिहून ठेवलं नाही. मुलं हे आता स्वतः पकडतात. व्हायकिंगांची खूण मात्र आमच्या बसवर आहे. लेस्टर हे डेनलॉच्या, म्हणजे इंग्लंडातल्या व्हायकिंगांच्या ताब्यातल्या मुलखाच्या, पाच बालेकिल्ल्यांपैकी एक होतं, आणि आजूबाजूला ओडबी, ब्लेबी, एंडरबी, ग्रूबी, बार्कबी, हे "बी" म्हणजे त्यांच्या भाषेत गाव किंवा वस्ती. आपली वाडी. "टन" आलं, इव्हिंग्टन, नायटन, की ते अँग्लो-सॅक्सन. चर्चगेट, बेलग्रेव्ह गेट इथलं गेट म्हणजे फाटक नाही, "गाटा", रस्ता. मुलांना नकाशा आणि दोन रंग दिले की बाकी मला काही करावं लागत नाही. एक मुलगी सोमवारी घरून यादी घेऊन आली, बाबांच्या व्हॅनमधून शनिवारभर फिरून पाट्या लिहून घेतलेल्या, सेहेचाळीस गावं, काही नावं हलत्या गाडीत लिहिल्यामुळं वाचता पण येत नव्हती, ती तिनं परत विचारून गिरवली होती. यादीच्या वर तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, कशावरून, तिला जमलं तसं इंग्रजी अक्षरांत. तो कागद माझ्याकडं आहे.

या उन्हाळ्यानंतर नवव्या-दहाव्या शतकातलं बगदाद घ्यायचंय, गोल तटबंदीचं शहर, कागद, खगोलशास्त्र, आणि भारतातून तिकडं गेलेले आकडे. वर्गातल्या एका मुलाची आजी बगदादचीच आहे, त्यांना बोलवलंय, त्या हो म्हणाल्यात, फक्त खुर्ची दारापाशी हवी म्हणाल्या. दोरी गेल्या पावसात भिजून आखडलीय, बाराव्या गाठीपाशी तर चांगली चार बोटं कमी भरते, तर आज स्वयंपाक झाल्यावर ती सोडून पुन्हा मीटरपट्टीनं मोजून गाठी मारत बसलेय.